सदाफुलीची पाच पानं

आज सकाळी भावकीच्या ग्रुपवर गुलाबी फुलाचा फोटो पडला. खाली मजकूर : 'रोज अनशापोटी सदाफुलीची पाच पानं चावा, कॅन्सर मुळासकट जाईल. डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत. पुढे पाठवा.' डोकंच फिरलं.

अरे, डॉक्टर सांगणार नाहीत काय? माझ्या आत्याला मिरजेत तेच तर दिलं! सलाईनमधून, दर एकवीस दिवसांनी. व्हिन्क्रिस्टीन, कॅन्सरवरचं औषध. सदाफुलीतूनच निघतं ते. १९६३ पासून वापरात आहे. कुणी लपवलंय?

आत्याच्या मानेत गाठ आली तेव्हा हरिपूरच्या घरी ती पाच महिने लेप लावत बसली. कुणीतरी दिलेला पाला पाट्यावर वाटायचा, फडक्यात बांधायचा. रोज संध्याकाळी गाठ चाचपून म्हणायची, 'आज जरा मऊ लागतीया.' लिंबाएवढी झाल्यावर आम्ही तिला जवळजवळ उचलूनच मिरजेला नेलं. लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. त्या पाच महिन्यांचा हिशोब हे 'पुढे पाठवा'वाले देणार आहेत का?

हां, दवाखान्यात धड दोन मिनिटं कुणी बोलत नाही आणि बिल बघून माणूस पाल्याकडे वळतो, हे मान्य.

पण गंमत बघा. कॅनडात नोबल आणि बीअर हे दोन संशोधक सदाफुली तपासत होते मधुमेहासाठी. साखर काही उतरेना, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र घटायला लागल्या. तिथून ही औषधं निघाली. टनभर वाळल्या पाल्यातून हाती येतं ते ग्रॅममध्ये मोजायचं. आत्याला एका वेळी मिळायचं दोन मिलिग्रॅम, चिमटीत धरता येणार नाही एवढं. त्यापुढे सहसा जात नाहीत, कारण नसा बधिर होतात. तेवढ्यावरसुद्धा तिच्या बोटांतली जाण गेली होती. देवाचा हार ओवायला बसायची आणि सुई गळून पडायची. 'हातात हाय का न्हाई कळतच न्हाई रं,' म्हणायची. मग मी सुईत दोरा ओवून द्यायचो, ती फुलं निवडायची.

आता सांगा, पाच पानांत ते किती उतरतं, कोण मोजणार? पान कोवळं का जून, त्यावरसुद्धा फरक पडतो.

आपल्या कोयनेच्या जंगलातला नरक्या घ्या, ते एक झाड. त्यात कॅम्प्टोथेसिन असतं, कॅन्सरच्या पेशी मारणारं द्रव्य. ते पहिल्यांदा एका चिनी झाडात सापडलं, १९६६ साली, आणि शोधणाऱ्या दोघांपैकी एक मनसुख वाणी, आपल्या नंदुरबारचे. (हे कुणी फॉरवर्ड करत नाही.) सुरुवातीला माणसांना देऊन बघितलं तर मूत्राशयाला इजा व्हायला लागली, थांबवावं लागलं. पुढे रेणूत बदल करून इरिनोटेकान तयार झालं, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर आज ते देतात. आपल्याकडे मात्र नरक्या चोरून तोडून पोत्यांनी नेला, डोंगर रिकामे केले. त्याबद्दल ग्रुपवर एक अक्षर नाही.

आणि हळद. सांगलीकराला हळदीविरुद्ध बोलणं म्हणजे पापच. पण प्रयोगशाळेतल्या बशीत कॅन्सरच्या पेशी मारणारं हळदीतलं कर्क्युमिन पोटातून रक्तात जेमतेम उतरतं. घसा धरला तर दूध-हळद घ्या की, कोण नको म्हणतंय?

जाऊ दे. सकाळी भलताच चिडलो होतो, ग्रुपवर चार वाकडे शब्दही टाकले. मग बघितलं, त्या फॉरवर्डखाली पहिला अंगठा कुणाचा? आत्याचा! लगेच फोन लावला. म्हटलं, 'आत्या, तू पण?'

'आरं, वाचलं कुठं मी,' ती म्हणाली. 'फुलाचा फोटो चांगला हुता. आन् आता बोट बरोबर बसतंय का, ते बघत हुते.'