नकाराचा परतावा

काल संध्याकाळी मी दुकान आवरत असताना एक तरुण सकाळीच नेलेला तांबड्या गुलाबांचा गुच्छ घेऊन परत आला आणि तो माझ्यापुढे ठेवून त्याने पैसे परत मागितले. फुलांत काय खोट निघाली, असे मी विचारले. "खोट काही नाही, ताई. तिने घेतलीच नाहीत. म्हणजे ही वापरलेली नाहीत," तो म्हणाला. त्याच्या हातात पावती होती आणि डोळ्यांत पाणी होते. दोन्ही खरे होते, त्यामुळे त्याच्यावर डाफरावे की त्याला धीर द्यावा, हे मला ठरवता येईना.

फुलांची अवस्था मात्र त्याच्याहून वाईट होती. कापलेल्या गुलाबाला साठवणीत 2 ते 4 अंश तापमान लागते, आणि हे गुलाब दिवसभर भर उन्हात, काचा लावलेल्या गाडीच्या मागच्या सीटवर पडून होते. त्या तापमानात माणूस बसला असता तर त्यानेही मान टाकली असती. पाण्याबाहेर राहिलेल्या देठाच्या टोकातून आत हवा शिरते, बारीक नलिका तुंबतात, आणि मग पुन्हा पाण्यात उभे केले तरी पाणी फुलापर्यंत चढत नाही. कळीच्या अगदी खालचा देठाचा भाग सर्वांत कोवळा असल्यामुळे तो तिथेच वाकतो आणि फूल खाली पाहू लागते. एका टपोऱ्या गुलाबाची बाहेरची पाकळी कडेने काळसर होऊन कागदासारखी वळली होती. हे सारे मी त्याला शांतपणे समजावून सांगत असतानाच मागून आवाज आला, "थांबा. घाई नको. दोन्ही बाजू ऐकून घेऊ."

हा आवाज एका वयस्कर काकांचा होता. ते एक पांढरे कार्नेशन घ्यायला आले होते आणि बराच वेळ बादलीतली सगळी कार्नेशन्स एकेक करून वर काढून, निरखून, परत ठेवत होते. त्यांनी हातातले फूल बादलीत सोडले, चष्मा पुसला आणि ते आमच्या दोघांच्या मधोमध येऊन उभे राहिले.

"बाई, सकाळी माल उत्तम होता, हे तुम्हांला मान्य आहे?"

"अर्थात."

"आणि बाळ, तू फुले दिलीस, की नुसती दाखवलीस?"

"पुढे केली होती. तिने हात पुढे केला नाही."

"म्हणजे ताबा गेलेला नाही. ताबा गेल्याशिवाय वापर सिद्ध होत नाही," काकांनी निर्वाळा दिला.

आपण वकील आहात का, असे मी शक्य तितक्या आदराने विचारले. "नाही हो. मी उभी हयात एका कचेरीत आवक-जावक सांभाळली. त्यामुळे वस्तू गेली की नाही गेली, हे मला चटकन कळते." एवढे सांगून ते पुन्हा तरुणाकडे वळले. "तिने वास घेतला का?"

तरुण जरा घुटमळला. "हो. एकदा."

"मग अंशतः वापर झाला. बाई, पाऊणपट पैसे परत द्या."

मी म्हणाले की फुले गाडीत ठेवल्यामुळे सुकली आहेत आणि गाडी माझी नाही. काकांनी हा मुद्दा विचारात घेतला. गाडी सावलीत होती का, हे त्यांनी विचारले. गाडी तिच्या घरासमोर उभी होती आणि तिथे सावली नाही, असे उत्तर मिळाले. "मग दोष घराच्या दिशेचा आहे," काका म्हणाले, आणि तरुणाने त्यावर अशी मान हलवली की आज दिवसभरात पहिल्यांदाच कोणीतरी त्याला नेमके समजून घेतले असावे. त्यानंतर काकांनी मला पाण्यात ॲस्पिरिन घालण्याचा सल्ला दिला, आणि ॲस्पिरिन नसल्यास साखर.

साखरेचे दुकानात येणारा प्रत्येक जण सांगतो, म्हणून एकदाच लिहून टाकते. साखर हे फुलाचे खाद्य आहे, हे खरे. पण नुसती साखर घातली तर फुलाच्या आधी पाण्यातले जंतू जेवून घेतात आणि देठ आणखी लवकर तुंबतो. आम्ही फुलांबरोबर जी पुडी फुकट देतो तिच्यात साखरेसोबत पाणी किंचित आंबट करणारे आम्ल आणि जंतूंना आवरणारे द्रव्य असते. ती पुडी लोक घरी नेऊन खणात ठेवतात, फुलदाणी पिकलेल्या फळांच्या टोपलीशेजारी मांडतात, फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कार्नेशन मिटून बसले की माझ्याकडे येतात आणि तुमचा माल शिळा असतो म्हणतात.

हे सगळे मी काकांना सांगितले नाही, कारण तोवर त्यांनी दुकानभर नजर फिरवून एक दीर्घ श्वास घेतला होता आणि ते म्हणाले होते, "पण तुमचे बरे आहे हो. दिवसभर नुसते सुगंधात बसायचे."

या वाक्याचा मला मनापासून संताप येतो. आजचे बाजारी गुलाब लांबच्या प्रवासाला आणि फुलदाणीत जास्त दिवस टिकायला तयार केलेले असल्यामुळे त्यांतल्या बहुतेकांना धड वासही नसतो. दुकानाला वास असतो तो बादल्यांतल्या कुजक्या पाण्याचा आणि त्या घासायच्या ब्लीचचा. दिवस उजाडण्यापूर्वी घाऊक बाजार गाठायचा, पाण्याने भरलेल्या बादल्या उचलून कंबर मोडून घ्यायची, प्रत्येक देठाची खालची पाने ओरबाडून त्याला तिरका काप द्यायचा. अल्स्ट्रोमेरिया आणि ट्यूलिप यांच्या रसाने कित्येक फुलवाल्यांच्या बोटांची टोके लाल होऊन भेगाळतात. माझीही भेगाळलेली आहेत. लिलीचे केशरी पराग ज्याच्यावर पडले नाहीत असे कापड माझ्या कपाटात नाही. (ते पाण्याने पुसायला जाऊ नये, डाग पक्का बसतो, चिकटपट्टीने टिपून घ्यावेत.) नेदरलँड्समधल्या आल्समेरच्या प्रसिद्ध फुलबाजारात लिलावाच्या घड्याळाचा काटा चढ्या भावापासून खाली उतरत येतो आणि जो आधी बटण दाबतो त्याला माल मिळतो. माझ्या दुकानातही भाव गिऱ्हाइकासमोर असाच उतरत जातो, फक्त बटण कोणी दाबत नाही. आणि 14 फेब्रुवारीला, जेव्हा घाऊक भाव आधीच भडकलेला असतो, तेव्हा प्रेमाच्या दिवशी लुबाडता म्हणून शिव्याही मीच खायच्या.

घरचेही सुख असेच आहे. ज्या दिवशी जगाला सुट्टी आणि समारंभ, त्या दिवशी मला काम. भाचीच्या लग्नाच्या एकाही छायाचित्रात मी नाही, कारण मी खांबामागे रिबिनी बांधत होते. एका छायाचित्रात कात्री आहे. ओळखीचे लोक मला जेवायला बोलावतात आणि पत्ता सांगतानाच "येताना थोडी फुले आणशील ना, तुझ्याकडे उरतातच" असे जोडतात. बाकी कोणीही फुलवालीला फुले देत नाही. एका वाढदिवशी नवऱ्याने दिली, तीही दुसऱ्या दुकानातून आणून, कारण "तुझ्याकडून घेतली असती तर तुला आधीच कळले असते." निम्मी पाने पाण्यात बुडालेली होती आणि देठ सरळ कापलेले होते. मी उभ्या उभ्या सगळा गुच्छ सोडून नीट बांधला, तेव्हा तो म्हणाला, "एक दिवस तरी गिऱ्हाईक हो ना." मला गिऱ्हाईक होण्याची इच्छा आहे, पण गिऱ्हाईक कसे असते ते मला फार जवळून ठाऊक आहे.

तर पैसे मी दिले नाहीत. देठ पाण्याखाली धरून नव्याने कापले, माना सरळ राहाव्यात म्हणून फुले कागदात घट्ट गुंडाळली आणि कोमट पाण्याच्या खोल बादलीत उभी केली. वेळेवर केले तर यातली काही फुले खरोखर वर येतात. तासाभराने घेऊन जा, असे मी तरुणाला सांगितले. "मग ती घेईल?" त्याने विचारले. एवढी हमी कोणताही फुलवाला देत नाही, हे मी त्याला शक्य तितक्या हळू आवाजात सांगितले, आणि तो पावतीची घडी करून निघून गेला. तास उलटला तरी तो आला नाही. काका मात्र थांबून होते. फुलांची मालकी वादग्रस्त असल्यामुळे निकाल लागेपर्यंत ती त्रयस्थाकडे असावीत, असे म्हणून त्यांनी वर आलेले गुलाब कागदासकट उचलले. कार्नेशनची आता गरज उरली नाही, हेही त्यांनी जाता जाता सांगितले.

रात्री दुकानाच्या नावापुढे एका ताऱ्याचा अभिप्राय झळकला: "फुले ताजी होती, पण उपयोग झाला नाही." आज सकाळी त्याखाली कोणीतरी उत्तर लिहिले आहे: "मी प्रत्यक्षदर्शी आहे. वास घेतला गेला होता."