फॉरेस्ट सर्व्हिसची इंटर्नशिप म्हणजे पगारी ट्रेकिंग नव्हे

‘नॅशनल पार्कमध्ये उन्हाळाभर पगारी ट्रेकिंग! फॉरेस्ट सर्व्हिसची इंटर्नशिप, अर्ज करा,’ असा निरोप अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या मुलांमध्ये फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

अमेरिकी सरकारची राष्ट्रीय वनं सांभाळणारी फॉरेस्ट सर्व्हिस वेगळी, नॅशनल पार्क सांभाळणारी पार्क सर्व्हिस वेगळी. पहिली १९०५ पासून कृषी खात्याखाली, दुसरी १९१६ पासून अंतर्गत (इंटिरियर) खात्याखाली. राष्ट्रीय वनांत लाकूडतोड, गुरचराई आणि भटकंती या सगळ्यांना जागा द्यावी लागते.

या इंटर्नशिपमध्ये चालणं भरपूर असतं, पण खांद्यावर कुदळ घेऊन. वाटेत आडवी पडलेली झाडं हटवायची, पाणी बाजूला काढणाऱ्या चरी मोकळ्या करायच्या, तळावरची शौचालयं साफ करायची, सोडून दिलेल्या शेकोट्या पूर्ण विझवायच्या. रानाचं मूळ रूप जपणाऱ्या १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याखालच्या भागात यांत्रिक करवतही सहसा चालत नाही. दोघांनी ओढायची लांब करवत लागते. सह्याद्रीतल्या गडांवर श्रमदान केलेल्यांना हे काम ओळखीचं वाटेल, आणि मला ते ट्रेकिंगपेक्षा मोलाचं वाटतं.

निरोपात नसलेली महत्त्वाची गोष्ट: अमेरिकी केंद्र सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांना तिथलं नागरिकत्व लागतं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर जाहिरातीतली ती अट आधी वाचा आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारूनच अर्ज भरा.