इलेक्ट्रॉन वाढले की वजन वाढतं म्हणे!

जुळे सोलापूरच्या आमच्या ग्रुपवर परवापासून एक फॉरवर्ड फिरतोय, खाली "दहावी-बारावीच्या मुलांना जरूर पाठवा" असं आहे म्हणून सगळ्यांनी इमानदारीत पाठवलाय पण. त्यात ठोकून दिलंय की अणूचं वजन इलेक्ट्रॉनवर ठरतं, म्हणून 79 इलेक्ट्रॉनवालं सोनं एवढं जड. न्यूट्रॉनला चार्ज नाही म्हणून वजनही नाही. क्लोरीनचं वजन 35.5 म्हणजे त्यात अर्धा न्यूट्रॉन असतो. आणि मोबाईल फुल चार्ज केला की इलेक्ट्रॉन भरून तो जड होतो. काय बे हे! पोरं पेपरात हेच लिहून आली तर?

सोन्यापासून सुरू करू, त्यात सगळ्यांनाच इंटरेस्ट असतो. अणूच्या मधल्या गाभ्यात, म्हणजे केंद्रकात, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात, भोवती इलेक्ट्रॉन. एक प्रोटॉन साधारण 1836 इलेक्ट्रॉनांएवढा भरतो. सोन्याच्या अणूत 79 प्रोटॉन, 118 न्यूट्रॉन आणि 79 इलेक्ट्रॉन. ते सगळे 79 इलेक्ट्रॉन एकत्र केले तरी एका प्रोटॉनच्या पाच टक्केसुद्धा होत नाहीत. म्हणजे शुद्ध सोन्याचं 10 ग्रॅमचं वळं सराफाच्या काट्यावर ठेवलं आणि त्यातले सगळे इलेक्ट्रॉन काढून घेता आले (येत नाहीत, पण समजा), तर 10.000 चं 9.998 दिसेल, बस. घट म्हणून त्याहून जास्त कापतात की!

आणि सोनं जड लागतं त्याचं कारण निव्वळ अणूचं वजन नाहीच. शिशाचा अणू सोन्याच्या अणूपेक्षा जड आहे, सोनं 197 तर शिसं 207 (एक प्रोटॉन साधारण 1 धरून), इलेक्ट्रॉनपण शिशातच जास्त, 82. तरी एक घन सेंटिमीटर सोनं 19.3 ग्रॅम भरतं आणि तेवढंच शिसं 11.3, कारण सोन्याचे अणू जास्त दाटीनं बसलेले असतात.

न्यूट्रॉनला वजन नाही हे तर कुठून काढलं कुणास ठाऊक. न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा किंचित जडच आहे, 1.0087 विरुद्ध 1.0073. मुळात शास्त्रज्ञांना कोडं पडलं होतं ते हेच, की हेलियमच्या केंद्रकावर चार्ज दोनाचा (म्हणजे दोन प्रोटॉनचा) आणि वजन चाराचं कसं, 1932 ला चॅडविकनं न्यूट्रॉन शोधला तेव्हा त्याचा हिशोब नीट लागला. पुरावा पाहिजे तर जड पाणी बघा, आपल्याकडं अलिबागजवळ थळला बनतं. त्यातल्या हायड्रोजनमध्ये एकेक न्यूट्रॉन जादा, बाकी प्रोटॉन तेवढेच, इलेक्ट्रॉन तेवढेच, पण रेणूचं वजन 18 चं 20 होतं, आणि त्याचा बर्फ साध्या पाण्यात टाकला तर तरंगत नाही, बुडतो.

क्लोरीनचा अर्धा न्यूट्रॉन! नळाला चार दिवसांनी पाणी येतं तेव्हा जो वास मारतो तोच क्लोरीन, त्यात दोन प्रकारचे अणू मिसळलेले असतात, ढोबळमानानं चारातले तीन 35 वजनाचे (18 न्यूट्रॉन) आणि एक 37 चा (20 न्यूट्रॉन). तीन गुणिले 35 म्हणजे 105, अधिक 37, भागिले चार, आलं 35.5. सरासरी आहे ती, 35.5 वजनाचा अणू जगात एकही सापडणार नाही.

यावर ग्रुपवरच एका काकांनी बरोबर टोकलं की वजन प्रोटॉन-न्यूट्रॉनचं असतं, पण पुढं म्हणाले "नुसती बेरीज करा, तंतोतंत येतं". तंतोतंत नाही येत हो काका. हेलियमचे दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन, दोन इलेक्ट्रॉन सुटे मोजले तर 4.0330 होतात आणि अख्खा अणू भरतो 4.0026. पाऊण टक्का गायब! केंद्रक जोडलं जाताना तेवढं वस्तुमान ऊर्जा होऊन बाहेर पडतं. सूर्य याच धंद्यावर चालतो, हायड्रोजनचं हेलियम करत सेकंदाला चाळीसेक लाख टन वस्तुमान घालवतो, आणि मे महिन्यात आपल्याला 44 डिग्रीत भाजून काढतो.

राहिला मोबाईल. चार्ज करताना एका टोकानं जेवढे इलेक्ट्रॉन शिरतात तेवढेच दुसऱ्या टोकानं बाहेर पडतात, बॅटरीत एकूण संख्या तेवढीच राहते. साठलेल्या ऊर्जेमुळं वजन वाढतं खरं, पण ते एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहूनही कमी. हा फॉरवर्ड पुढं ढकलताना स्क्रीनवर उमटलेला बोटाचा ठसा त्याहून कितीतरी जड आहे.