नावं कल्पायची की ऐकायची?

मँचेस्टरजवळ राहून मराठी बातम्या रोज वाचते. इतिहासावरून वाद पेटला नाही असा महिना जात नाही. पुतळा किती उंच असावा, सिनेमात संभाजी महाराजांना लेझीम खेळताना दाखवावं का, कुणाच्या भावना दुखावल्या. वाद जरूर व्हावेत, पण सगळे फिरतात ते गादी आणि तलवारीभोवतीच.

इथल्या चित्रकार लुबैना हिमिद यांनी २००४ मध्ये 'नेमिंग द मनी' ही कलाकृती केली. त्यांचा जन्म झांझिबारचा, वाढल्या इंग्लंडमध्ये. प्लायवूडमधून कापून रंगवलेल्या, माणसाएवढ्या उंच १०० आकृत्या. युरोपातल्या दरबारी आणि धनिकांच्या घरी राबणारे हे आफ्रिकी गुलाम. कुणी ढोल वाजवतंय, कुणी कुत्री शिकवतंय, कुणी जोडे शिवतंय, कुणी नकाशे काढतंय. आपण त्यांच्यामधून चालायचं. मागे वळून गेलं की पाठीवर, हिशेबाच्या कागदावर चार-पाच ओळी दिसतात. माझं खरं नाव हे, इथे मला हाक मारतात ती वेगळ्याच नावानं, पूर्वी मी काय करायचे, आता काय करावं लागतं, आणि तरी माझ्यापाशी काय उरलंय. गुलामांच्या व्यापारावर गब्बर झालेल्या लिव्हरपूलच्याच संग्रहालयाला त्यांनी ही कलाकृती देऊन टाकली.

ही नावं हिमिद यांनी कल्पिलेली आहेत. आपल्याकडे कुणीतरी लगेच विचारेल, पुरावा कुठाय? प्रश्न रास्त आहे. पण व्यापाऱ्यानं वहीत गुलामाची किंमत टिपून ठेवली आणि माणूस गाळला, तिथे कलावंतानं काय करावं? शिवाय हे कल्पित आहे हे त्या लपवत नाहीत.

मुंबईच्या नलिनी मलानींनी फाळणीत पळवल्या गेलेल्या बायकांवर २००५ मध्येच मोठं काम केलंय, तेव्हा आपल्याकडे कलावंत नाहीत असं मुळीच नाही. आणि आपल्याला तर नावं कल्पायचीही गरज नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या समाज-अभ्यासकांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. लाखावर ओव्या जमल्या, गाणाऱ्या बायकांच्या नावागावासकट. त्यांत सासुरवास आहे, सीतेचा वनवास आहे, माजलगावच्या बायकांनी गायलेले बाबासाहेब आहेत. इतिहासाच्या भांडणात यांतली एक तरी ओवी कुणी साक्षीला काढलेली माझ्या वाचनात नाही, आणि याचा मला संताप येतो.

जिल्ह्याजिल्ह्यातल्या संग्रहालयांत तोफा-तलवारींच्या शेजारी या ओव्यांना एक दालन द्या, बायकांच्या मूळ आवाजासह. ते रचायला आपल्याच चित्रकर्तींना बोलवा, आणि त्यांना मानधन द्या.