यात्रेच्या ट्रॉलीची हवा कमी करू नका: फिरत्या मेसेजला उत्तर

मार्गशीर्षातली पौर्णिमा जवळ आली की सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या शेडमधून बाहेर निघतात. ताडपत्रीचा मांडव चढतो, चूल, पिठाची पोती, पाण्याचं बॅरल आत जातं. त्याच सुमारास निपाणी ते खानापूर सगळ्या गावांच्या ग्रुपवर एक मेसेजही फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: "ट्रॉलीचा टायर फुटतो तो आतली हवा तापून फुगल्यामुळे. म्हणून लांबच्या वाटेला दहा पाउंड हवा कमी ठेवा. जमलं तर नायट्रोजन भरा. ट्रॉलीला इंजिनचा जोर नसतो, त्यामुळे ट्रकचे उतरवलेले टायर तिला आरामात चालतात. नक्षी शाबूत तर टायर शाबूत. चायना माल मात्र नको, अमेरिकेत त्याला बॉम्ब म्हणतात." खाली जोडलेले हात आणि 'जनहितार्थ'.

पहिलाच सल्ला यातला सगळ्यात वाईट, त्यामुळे जास्त शाई त्यावरच खर्च करतो.

हवा तापली की दाब वाढतो, इथवर मेसेज बरोबर आहे. पण किती वाढतो? पहाटे २० अंशांच्या गारव्यात ५० पाउंड हवा मारली आणि दुपारपर्यंत टायरच्या आत ६५ अंश झाले, तर मीटरचा काटा साठाच्या आसपास जाईल. म्हणजे वाढले दहा पाउंड. धडधाकट टायर नुसत्या दाबानं फुटायला भरलेल्या हवेच्या कितीतरी पट दाब लागतो. शिवाय ही वाढ टायर बनवणाऱ्यांनी आधीच धरलेली असते. हवेचा जो आकडा देतात तो थंड टायरचा असतो, तो याचसाठी.

मग फुटतो कशानं? ऊसट्रॉलीला सर्रास दिसणारा ९.००-१६ चा टायर घ्या. एका फेऱ्यात तो पावणेतीन-तीन मीटर पुढं जातो, म्हणजे किलोमीटरला साडेतीनशेच्या आसपास फेरे. प्रत्येक फेऱ्यात जमिनीला टेकलेला भाग दबतो, बाजू बाहेर येते, परत सरळ होते. लोखंडी तार हातात धरून भराभर वाकवली की चटका बसतो, तोच प्रकार. हवा जितकी कमी तितकी बाजू जास्त वाकणार आणि तितकी जास्त तापणार. रबरातून उष्णता लवकर बाहेर पडत नाही, ती खांद्यापाशी, म्हणजे नक्षी आणि बाजू मिळतात तिथं, जिथं रबर सगळ्यात जाड, साठत जाते. आपल्याकडचे ट्रॉलीचे बहुतेक टायर नायलॉनचे, तिरक्या थरांचे. ते थर एकमेकांवर घासून आणखी तापतात. शेवटी थर सुटतात आणि वरचा पट्टा उडतो. हायवेच्या कडेला पडलेले काळे पट्टे दिसतात, त्यातले बरेचसे असेच सुटलेले. रस्ता तापलेला असला तर या आगीत थोडं तेल पडतं खरं, पण काडी लावलेली असते ती कमी हवेनं आणि जास्त वजनानं.

म्हणजे मेसेज जे टाळायला सांगतो, तेच त्याच्या सल्ल्यानं ओढवतं. याचा मोठा धडा अमेरिकेत २००० साली मिळाला. फायरस्टोन कंपनीनं १ कोटी ४४ लाख टायर परत मागवले. फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांचे ते टायर पट्टा सुटून फुटत होते, आणि तिथल्या सरकारी यंत्रणेनं अडीचशेहून जास्त मृत्यू त्यांच्याशी जोडले. टायरमध्ये दोष होताच. पण फोर्डनं त्या गाड्यांना २६ पाउंड हवा सुचवली होती, आणि फायरस्टोनचं म्हणणं ३० हवी असं होतं. त्यात दक्षिणेकडच्या राज्यांतला उन्हाळा, भरलेली गाडी आणि हायवेचा वेग. त्या प्रकरणातून तिथं नवा कायदा आला आणि नव्या हलक्या गाड्यांत हवा कमी झाली की दिवा लावणारी यंत्रणा सक्तीची झाली. ट्रेलर मात्र त्या सक्तीतून सुटले. तिथं सुट्टीला घरासारखा ट्रेलर गाडीमागं ओढत नेतात, त्यांचे टायर फुटण्याची तक्रार आजही चालूच आहे.

ट्रेलर काय, ट्रॉली काय, अडचण एकच. ड्रायव्हर तिच्यावर बसलेला नसतो. पुढच्या चाकाची हवा गेली की स्टेअरिंग ओढतं, मागच्या चाकाची गेली की बसल्या जागी कळतं. ट्रॉलीचं एक चाक अर्ध्या हवेवर दहा मैल गेलं तरी ट्रॅक्टरवरच्याला पत्ता नसतो, त्यात स्पीकरवर यल्लम्माची गाणी मोठ्यानं लागलेली. जोडट्रॉली असेल तर मागचीचं विचारूच नका. म्हणून ट्रॉलीची हवा निघण्याआधी, टायर गार असताना, मीटर लावूनच बघायची. लाथ मारून किंवा हातोडीचा आवाज ऐकून नाही. वाटेत चहाला थांबल्यावर टायर गरम लागला म्हणून हवा सोडायची तर अजिबात नाही. तो गार झाला की दाब पहाटेच्याही खाली जातो आणि दुसऱ्या दिवशी परतीचा प्रवास कमी हवेवरच सुरू होतो.

आता 'ट्रॉलीला जोर नसतो'. इंजिनचा नसतो, कबूल. पण वजन तर सगळं तिच्यावरच. वळणावर ट्रॉलीची चाकं ट्रॅक्टरच्या आतून जातात, त्यामुळे पुलाचा कठडा, गटाराची कड, दुभाजक सगळं त्यांनाच लागतं. दोन धुरे जवळजवळ असतील तर कडक वळण घेताना टायर आडवे फरफटतात आणि बाजूवर ताण येतो. पाण्याचं २०० लिटरचं बॅरल म्हणजे २०० किलो, आणि ते नेहमी एकाच कोपऱ्यात, कारण चूल तिथंच असते. अमेरिकेतल्या त्या घर-ट्रेलरांतही स्वयंपाकघर आणि फ्रिज ज्या बाजूला, त्या बाजूच्या चाकांवर जास्त भार येतो. आपल्याकडे साखर कारखान्यांमुळे वजनकाटे पावलोपावली आहेत. यात्रेची ट्रॉली एकदा सामान-माणसांसकट काट्यावर घाला, मग टायरवर छापलेल्या वजनाशी ताडा. उसाच्या ट्रॉलीबाबत हे कुणाला सांगायला जायची माझी हिंमत नाही, ते वजन कसं ठरतं हे सगळ्यांना माहीत आहे.

वेगाचंही तसंच. शेतीच्या ट्रॉलीच्या टायरवर 'ए ८' छापलेलं असेल तर तो ताशी ४० किलोमीटरसाठी बनवलेला आहे. तवंदी घाटाच्या उतारावर न्यूट्रल करून सोडलेला ट्रॅक्टर चाळिशीत राहत नाही. आणि ट्रॉली पिकअपला जोडून हायवेला नेणारे महाभाग असतील तर त्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.

नक्षीची गोष्ट जरा तपशिलात सांगायला हवी, कारण इथं मेसेज अर्धा बरोबर आहे. गोटा झालेला टायर वाईटच, नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत उतरली की बदलायचा. पण यात्रेची ट्रॉली झिजून मरत नाही, उभी राहून मरते. वर्षातले महिनोन्‌महिने ती उन्हात त्याच चार ठिकाणांवर भार टाकून उभी. रबराचं भेगांपासून रक्षण करणारं मेण टायर फिरत असताना वर येतं. न फिरणाऱ्या टायरवर ते येत नाही, मग बाजूला केसासारख्या बारीक भेगा पडतात. नक्षी मात्र नव्यासारखी. म्हणून वय बघा. टायरच्या बाजूवर, बऱ्याचदा 'डॉट' (DOT) या अक्षरांनी सुरू होणारी, एक ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २३१७ असेल तर तो २०१७ सालच्या २३ व्या आठवड्यातला. आकडे आतल्या बाजूला असले तर ट्रॉलीखाली घुसावं लागतं, घुसा.

ट्रकचे उतरवलेले टायर बहुधा रिमोल्ड होऊन, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवी नक्षी चढवून येतात. रिमोल्ड म्हणजे वाईट असं मी म्हणणार नाही, एसटी महामंडळं स्वतःच्या कार्यशाळांत टायर रिमोल्ड करून वापरतात. फरक इतकाच की तिथं आधी जुना सांगाडा तपासतात आणि नापास झाला तर टाकून देतात. आठवडी बाजारातल्या ढिगात ते कोण बघतंय? वरची नक्षी कालची, आतली नायलॉन दहा वर्षांची.

नायट्रोजनवर थोडक्यात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर तोही हवेइतकाच फुगतो. विमानाच्या टायरमध्ये तो भरतात ते आग आणि ओलावा टाळायला. ट्रॉलीत भरला तर गळती थोडी मंदावेल, पण त्या भरवशावर मीटर लावणं बंद झालं की फायदा पाण्यात.

चायना बॉम्बचा शब्द त्या अमेरिकन ट्रेलरवाल्यांचाच. तिथं ट्रेलरचे खास टायर आहेत, बाजूवर 'एसटी' (स्पेशल ट्रेलर) छापलेले, आणि त्यातले बरेच चीनमधून येत. पण असे कित्येक टायर ताशी ६५ मैलांपुरतेच धरलेले होते, आणि लोक त्याहून जोरात, काठोकाठ वजनावर, पाच-सहा वर्षं जुन्या टायरवर ओढत होते. हलका माल असतोच, नाही असं नाही. आपल्याकडे मात्र जून २०२० मध्ये कार, बस, ट्रक आणि दुचाकींच्या नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध आले. चिकोडीच्या ट्रॉलीखाली फुटलेल्या टायरचा दोष चीनवर ढकलण्याआधी त्याचे ते चार आकडे वाचलेले बरे.

आणि मेसेजमध्ये जे अजिबात नाही ते. चार चाकांच्या ट्रॉलीचा एक टायर फुटला की स्टेपनी लावून आपण पुढं निघतो. पण फुटल्यापासून थांबेपर्यंत त्या बाजूच्या दुसऱ्या टायरनं बराचसा भार एकट्यानं ओढलेला असतो. फुटण्याआधी शेजारच्याची हवा कमी होती तेव्हाही जास्तीचा वाटा त्यानंच उचललेला असतो. दोन धुरे जवळजवळ असतील तर हे हमखास घडतं. वरून तो ठीक दिसेल, आतून थर सुटायला लागलेले असू शकतात. स्टेपनी चढवल्यावर त्या दुसऱ्या टायरच्या दोन्ही बाजूंवरून हात फिरवा. फोड किंवा लाटेसारखा उंचवटा लागला तर त्या टायरवर परत येऊ नका. तसं काही लागलं नाही तरी गावात पोचल्यावर पहिल्यांदा डिस्कवरून उतरवून आतून बघायचा तो हाच टायर.