‘तीस मीटर’ म्हणजे तारकर्लीचा समुद्र नव्हे

‘वीस हजारांच्या आत अस्सल मेकॅनिकल घड्याळ कसे ओळखावे’ हा पाच मुद्द्यांचा संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. मेकॅनिकल म्हणजे बॅटरीऐवजी स्प्रिंगवर चालणारे. आमच्या घरच्या गटावर तो आला तेव्हा मी दुर्लक्ष केले. परंतु मालवणच्या जेटीवरून किल्ल्यावर पर्यटक नेणाऱ्या होडीवर काम करणाऱ्या माझ्या भाच्याने तो प्रमाण मानून घड्याळ घेतले आणि आठव्या दिवशी, काचेच्या आतून वाफ धरलेले ते घड्याळ माझ्यासमोर ठेवून म्हणाला, “मामा, हेच्यार तर तीस मीटर लिवलेला आसा.” म्हणून हे उत्तर.

संदेशातला तिसरा मुद्दा असा: ‘३० मीटर लिहिलेले घड्याळ ३० मीटर खोल समुद्रात निर्धास्त वापरावे.’ हे धादांत खोटे आहे. तो आकडा खोलीचा परवाना नसून, नव्या घड्याळाने स्थिर पाण्यात तीस मीटर पाण्याएवढा, म्हणजे तीन ‘बार’ दाब थोडा वेळ सोसला, एवढेच तो सांगतो. व्यवहारात त्याचा अर्थ हात धुणे आणि पावसाचे शिंतोडे, त्यापलीकडे काही नाही. पाणी रोखण्याचे काम मागचे झाकण, काच आणि चावी यांच्याशी बसवलेल्या रबरी कड्या करतात. त्या कालांतराने कडक होतात, आणि चावी जराशी बाहेर राहिली तर नवी कडीही उपयोगाची नसते. भाचा तीस मीटर सोडाच, होडी लावताना कमरेएवढ्या पाण्यात उतरला होता.

पाण्याखाली वापरायच्या घड्याळांसाठी ‘आयएसओ ६४२५’ हे वेगळे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात किमान १०० मीटरची क्षमता लागते, लिहिलेल्या दाबापेक्षा पंचवीस टक्के जास्त दाबाखाली चाचणी होते आणि मिठाच्या पाण्यात २४ तास ठेवून गंज तपासला जातो. संदेश लिहिणाऱ्याने हे मानक नुसते चाळले असते, तरी खारे पाणी ही स्वतंत्र परीक्षा आहे हे त्याला कळले असते. किनाऱ्यावर राहणाऱ्याने १०० मीटरच्या खालचे घड्याळ पाण्याजवळ नेऊ नये; शक्यतो २०० मीटरचे आणि आट्यांनी घट्ट बसणाऱ्या चावीचे घ्यावे, जसे ओरिएंट कंपनीचे माको किंवा कमासू. ही दोन्ही त्या मानकाची प्रमाणित घड्याळे नव्हेत, तरी होडीवरच्या माणसाला पुरेशी आहेत. समुद्रातून आल्यावर मात्र चावी बंद आहे हे पाहून घड्याळ गोड्या पाण्याने धुवावे. चामड्याच्या पट्ट्याविषयी काय सांगावे? आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याला बुरशी धरते, हे कोणत्याही संदेशात सापडत नाही.

‘बॅटरी नसल्याने हे घड्याळ कधीच उघडावे लागत नाही’ हा मुद्दा तितकाच घातक आहे. आतले तेल काही वर्षांत सुकते, नंतर चाकांच्या टोकांची झीज सुरू होते, आणि घड्याळ चालत असल्यामुळे मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून घेण्यापूर्वीच आपल्या जवळच्या घड्याळवाल्याला विचारावे की आतले यंत्र कोणते आहे आणि तो त्याचे ऑइलिंग करेल का. सेकोचे एनएच३५ किंवा सिटिझन समूहाचे मियोटा ८२१५ ही यंत्रे अनेक कंपन्यांच्या घड्याळांत असल्याने बहुतेकांच्या हाताखालून गेलेली असतात. त्यांच्यासाठी दिवसाला वीस सेकंद मागे ते चाळीस सेकंद पुढे, एवढा फरक उत्पादकच मान्य करतो. बिनचूक वेळ हवी असेल त्याने स्वस्त क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवरचे घड्याळ घ्यावे.

‘जितकी माणके जास्त तितका दर्जा वरचा, शिवाय ती मोडीत विकता येतात’ याला फार शब्द नकोत. ही माणके कारखान्यात बनवलेली, घर्षण कमी करण्यासाठी बसवलेली असतात आणि मोडीत त्यांना काही किंमत नसते. चावीच्या साध्या घड्याळाला सतरा पुरतात.

सेकंदाचा काटा टकटक न करता सरकत जातो, ही खूण बहुतांशी बरोबर आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. मात्र काही क्वार्ट्झ घड्याळांतही काटा तसाच सरकतो.

राहिला ‘कोरी जुनी एचएमटी दीड हजारात’ हा मुद्दा. सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूला सुरू झालेल्या त्या घड्याळ-कंपनीला टाळे लावण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. या भावात ‘कोरी’ म्हणून येणाऱ्या पुष्कळशा घड्याळांची तबकडी नव्याने रंगवलेली आणि आतले भाग इकडून तिकडून जमवलेले असतात. अक्षरे जाडी-भरडी किंवा रंग भलताच झगझगीत दिसला तर हात आखडता घ्यावा. एचएमटीवर माझा राग नाही. वडिलांची ‘जनता’ मी अजूनही रोज सकाळी चावी देऊन वापरतो, पण जेटीवर जाताना ती कपाटात ठेवतो.