गोळी कमी करून देणार कोण?

सातारा जिल्ह्यात फौजेचा अभिमान कुणी शिकवावा लागत नाही. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंगे गावाची ४६ माणसं कामी आली. पण पेन्शनीत आलेल्या फौजीची झोप उडाली, की घरात दोनच मतं ऐकू येतात. पोरं म्हणतात, डॉक्टरांनी झोपेची गोळी दिलीय ना, घेत राहा. भावकी म्हणते, मेजर, फेकून द्या त्या गोळ्या.

मला दोन्ही मतं घातक वाटतात. माझे चुलते सुभेदार म्हणून रिटायर झाले. थोड्या दिवसांसाठी म्हणून सुरू झालेली क्लोनाझेपाम ही झोपेची गोळी वर्षानुवर्षं चालली. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी ती एका दिवसात सोडली. हात थरथरू लागले, घामानं अंथरूण भिजायचं, रात्रभर अंगणात येरझाऱ्या. सगळ्यांना वाटलं, जुना आजार उलटला. गोळी पुन्हा सुरू झाली, तीही वाढवून. हा त्रास गोळी एकदम सोडल्याचा असेल, हे कुणी बोललंच नाही. अशा गोळ्यांची मेंदूला सवय होते. त्या एकदम बंद केल्या तर फिटसुद्धा येऊ शकते. म्हणून स्वतःच्या मनानं कुणी थांबवू नयेत.

मी राहतो त्या इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये प्राध्यापिका हीदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ या गोळ्या सोडवण्याचं क्लिनिक चालवलं. दर एक-दोन आठवड्यांनी चालू डोसचा साधारण दहावा भाग कमी करायचा, आणि वेग रुग्णाला झेपेल तसा. यात महिने जातात, कधी वर्षही. इंग्लंडमध्ये सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. २०१९ च्या सरकारी अहवालानुसार इथल्या दर चार प्रौढांपैकी एकाला वर्षभरात सवय लागू शकणारं किंवा सोडताना त्रास देणारं औषध लिहून दिलं गेलं होतं. पण त्यामुळेच इथे हा प्रश्न उघडपणे बोलला जातो. अमेरिकेत तर माजी सैनिकांच्या खात्यानं आणि संरक्षण खात्यानं २०१७ मध्येच सांगितलं, की युद्धाच्या मानसिक आघातावर क्लोनाझेपामच्या गटातली औषधं देऊ नका.

काहींना मनाच्या आजारावरची औषधं दीर्घकाळ लागतात, आणि त्यात कमीपणा नाही. माझं मागणं एवढंच, की ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमध्ये झोपेची गोळी देतानाच ती किती दिवस घ्यायची आणि उतरवायची कशी, हे कागदावर मराठीत लिहून द्यावं. डोस कमी होत असताना मधल्या वाईट रात्री फोन करायला एक नर्स असावी. आणि घरच्या बाईला समोर बसवून सगळं समजावून सांगावं, कारण त्या रात्री जागते ती.